खोट्या घरातलं खरं ऊन

हॉलमधली सोफ्यामागची भिंत वाकडी आहे, हे कळायला मला सव्वीस वर्षं लागली. या सव्वीस वर्षांत त्या भिंतीला टेकून मी पेपर वाचले, मुलीचे पाढे घेतले, असंख्य वेळा डुलक्या काढल्या. भिंतीने कधी तक्रार केली नाही, मीही केली नाही. ती वाकडी असल्याचं मला शेवटी कॉम्प्युटरने सांगितलं. मी चारही भिंतींची मापं टाकली, तर चौथी भिंत पहिलीला जाऊन मिळेचना. अडीच इंचांची फट राहिली. चष्मा बदलून पाहिला, टेप बदलून पाहिला. शेवटी बायकोला टेपचं दुसरं टोक धरायला लावून पुन्हा मोजलं. फट अडीच इंचच.

‘म्हणजे इतकी वर्षं आपण काटकोनात राहतच नव्हतो,’ मी म्हणालो.

‘ते मला लग्नापासून माहीत आहे,’ ती म्हणाली आणि तिने टेपचं टोक सोडून दिलं. टेप सर्रकन येऊन माझ्या अंगठ्यावर बसला.

हा सगळा उपद्व्याप सुरू झाला तो घराला रंग द्यायच्या विचारातून. मध्यमवर्गीय संसाराला ‘करतोच आहोत तर’ या तीन शब्दांनी जेवढं खड्ड्यात घातलं आहे, तेवढं कर्जानेही घातलं नसेल. रंग करतोच आहोत तर फरशी बदलू. फरशी करतोच आहोत तर ओटा करू. ओटा करतोच आहोत तर एकदा कुणाला तरी नीट विचारू. असं करत करत एक तरुण इंटिरिअरवाले टॅब्लेट घेऊन घरी आले, आणि पुढच्या खेपेला त्यांनी आमच्या हॉलचं ‘थ्रीडी’ आणलं.

ते पाहून मी क्षणभर उठून उभाच राहिलो. हॉल आमचाच होता, कारण खिडकी ओळखीची होती. बाकी सगळं परक्याचं. पांढरीशुभ्र संगमरवरी फरशी, छतातून झिरपणारा मधाळ उजेड, टीपॉयवर एकच पुस्तक (तेही इंग्रजी), आणि गालिच्यावर पाय दुमडून बसलेली एक गोरी बाई. तिच्या शेजारी सोनेरी केसांचा कुत्रा.

‘हा कुत्रा कुणाचा?’ बायकोने विचारलं.

‘मॅडम, तो नुसता फील यावा म्हणून टाकलाय.’

‘आणि ही बाई?’

‘तीसुद्धा फीलच.’

‘मग आमचे हे कुठे आहेत?’

इंटिरिअरवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत मला स्पष्ट दिसलं की मी आल्यावर फील जाईल. त्या संपूर्ण थ्रीडीत एकच गोष्ट शंभर टक्के वास्तव वाटत होती, ती म्हणजे शेवटच्या पानावरचा आकडा.

रात्री मुलीला फोन केला. ती म्हणाली, ‘बाबा, तुम्ही आता रिटायर आहात. स्वतःच करून बघा ना. फुकटची सॉफ्टवेअरं असतात.’ असतात खरी. फ्रान्समधल्या इमान्युएल प्युबारे यांनी बनवलेलं ‘स्वीट होम थ्रीडी’ तर कुणालाही मोकळं आहे. अमेरिकेतलं ‘स्केचअप’ २००० साली आलं, मध्ये काही वर्षं ते गूगलच्या घरी नांदलं आणि २०१२ पासून ट्रिंबलकडे आहे. मी यांतलं घेतलं की तिसरंच कुठलं, हे सांगत नाही. कारण पुढे जे झालं त्यात दोष सॉफ्टवेअरचा नाही, वापरणाऱ्याचा आहे.

भिंती उभ्या राहिल्या (चौथी थोडी ओढून बसवली) आणि मी सामानाच्या यादीकडे वळलो. तिथून वस्तू उचलायची आणि खोलीत सोडायची, हमाली लागत नाही. यादीत बाथटब होते, पियानो होता, लाकडं घालून पेटवायची शेकोटी होती. देवघर नव्हतं. पाट नव्हता, माठ नव्हता, रोळी नव्हती, गॅसचं सिलिंडर नव्हतं. मुख्य म्हणजे माळा नव्हता. आणि माळा नसलेल्या घरात आमच्या बोहाऱ्याच्या पातेल्यांनी, मुलीच्या सायकलीने आणि ‘लागेल कधीतरी’ या नावाने बांधलेल्या सहा गाठोड्यांनी जायचं कुठे? शेवटी मी देव्हाऱ्याच्या जागी एक लहान कपाट ठेवलं आणि मनातल्या मनात त्याची प्राणप्रतिष्ठा केली.

एक वस्तू मात्र भेटली आणि मी हरखलो. किटली. साधी, पोटाशी फुगलेली, चहाची किटली. तिची गोष्ट मी वाचली होती. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात १९७५ साली मार्टिन न्यूवेल नावाचे संशोधक कॉम्प्युटरवर काढायला एखादी सोयीची वस्तू शोधत होते. घरी चहा घेताना त्यांच्या पत्नी सँड्रा म्हणाल्या, ही किटलीच का काढत नाही? त्यांनी काढली. तेव्हापासून त्रिमितीय चित्रांचा अभ्यास करणाऱ्या पिढ्यान्‌पिढ्यांनी ती किटली रंगवली, चकचकवली, काचेची केली, सोन्याची केली. मूळ किटली आता कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्ट्री म्युझियममध्ये आहे. मी हे मोठ्या उत्साहाने बायकोला सांगितलं.

‘म्हणजे सुचवलं बायकोने आणि नाव झालं ह्यांचं,’ ती म्हणाली. मी किटली मुकाट्याने ओट्यावर ठेवली.

पहिलं चित्र काढलं. सोफा सोफ्याच्या जागी, खिडकी खिडकीच्या जागी, सगळं जागच्या जागी; आणि तरीही ते घर वाटेना. एखाद्या सरकारी विश्रामगृहाची खोली वाटत होती, आणि तीही साहेब दौरा रद्द करून गेल्यानंतरची. काय चुकलं ते शोधताना कळलं की आपण वस्तू ठेवल्या, पण उजेड ठेवलाच नाही. मग सॉफ्टवेअरने मला चार प्रश्न विचारले. घर कुठल्या गावात? उत्तर कुठे? तारीख कोणती? वाजले किती?

पहिले दोन प्रश्न ओळखीचे होते. गाव बँक विचारते, उत्तर दिशा वास्तुशास्त्रवाले विचारतात. पण घराला तारीख आणि वेळ असते, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मी पुणे घातलं, अक्षांश साडेअठरा. गंमत म्हणून मेच्या मध्यातली तारीख आणि दुपारचे साडेबारा टाकले, तर गॅलरीच्या कठड्यावरच्या कुंड्यांच्या सावल्या पार कुंड्यांच्या पोटात शिरल्या. बरोबरच होतं. त्या सुमारास पुण्यात सूर्य ऐन डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस. म्हणजे यंत्राला आकाश कळत होतं.

मग मी डिसेंबर घातला, सकाळचे सव्वाआठ. आणि चित्रात एक लांबच लांब उन्हाचा पट्टा गॅलरीतून आत आला, तिरका होऊन फरशीवरून गेला आणि सोफ्यामागच्या त्या वाकड्या भिंतीवर चढला. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला झुकलेला आणि खाली असतो, ऊन आतपर्यंत पोहोचतं, हे भूगोलात शिकलो होतो. पण हे आमच्याकडे? आमच्या हॉलमध्ये? मी बायकोला हाक मारली. ‘हे बघ, काहीतरी चुकतंय. इथवर ऊन कुठे येतं?’

तिने चित्राकडे पाहिलं आणि फार शांतपणे म्हणाली, ‘येतं की. तुमचा डबा भरून दिला, तुम्ही कंपनीच्या बसला गेलात, की मी तिथेच तर चहा घेऊन बसायचे. पंधरा-वीस मिनिटं. मग कामवाली यायची.’

मी हिशेब केला. सव्वीस वर्षांचे सव्वीस डिसेंबर. त्यातले सगळे कामाचे दिवस सव्वाआठला मी बसस्टॉपवर, आणि सगळ्या रविवारी सव्वाआठला मी पांघरुणात. माझ्या घरात रोज एक ऊन येऊन जात होतं, त्याला भेटणारं माणूस ठरलेलं होतं, आणि मला त्या दोघांच्या ओळखीचा पत्ताही नव्हता.

त्यानंतर मला एकच ध्यास लागला. ते ऊन हुबेहूब आलं पाहिजे. डोक्यातून फॉल्स सीलिंग गेलं, ओटा गेला, फरशी गेली. रोज रात्री जेवण झालं की मी लॅपटॉपला कामाला लावायचो.

हे काम कसं चालतं, तेही ऐकण्यासारखं आहे. खऱ्या जगात उजेड सूर्यापासून निघतो, वस्तूंवर आपटत आपटत आपल्या डोळ्यात येतो. कॉम्प्युटर उलटा जातो. तो डोळ्यापासून किरण सोडतो आणि माघारी शोध घेत निघतो. लग्नाच्या कार्यालयात एखादी आजी जशी धावत्या पोराला दंडाला धरून विचारते, ‘तू कुणाचा रे? ते कुणाचे? म्हणजे वाईच्या घरातले का?’ आणि मूळ पुरुष सापडेपर्यंत सोडत नाही, तसंच. चित्रातल्या एकेका ठिपक्याला हा प्रश्न: तू कुणाचा? भिंतीचा. भिंतीवर कुठून आलास? फरशीवरून. फरशीवर? खिडकीतून. मग सूर्याच्या घरातला म्हण की! आणि मग तो ठिपका उजळतो.

१९८० साली टर्नर व्हिटेड यांनी बेल लॅबमधून या पद्धतीचं एक गाजलेलं चित्र छापलं. दोन गोळे, एक काचेसारखा आणि एक आरशासारखा, खाली चौकटींची फरशी. तेवढ्या चित्राला त्या वेळच्या यंत्राने ७४ मिनिटं घेतली होती. माझा लॅपटॉप त्या यंत्रापेक्षा कितीतरी चपळ. पण माझ्या घरात दोन गोळ्यांपेक्षा पसारा जास्त, आणि किरणांना मी भिंतीभिंतीवरून हिंडायला लावत होतो. तो रात्रभर घरघरत राहायचा. ‘दूध उतू जाईल म्हणून बसावं तसे काय त्याच्यापुढे बसलाय,’ बायको झोपताना म्हणायची.

आणि दुधासारखंच होतं ते. चित्र सुरुवातीला रवाळ दिसतं. लाडू रवाळ चांगला, तूप रवाळ उत्तम, चित्र नाही. वाट पाहावी तसा रवा बारीक होत जातो, पण त्याचा हिशेब जीवघेणा आहे. रवाळपणा निम्मा करायचा तर किरण चौपट सोडावे लागतात. पुन्हा निम्मा करायचा तर पुन्हा चौपट. म्हणजे थोडंसं बरं दिसायला थोडा वेळ लागतो, आणि अगदी निर्दोष दिसायला आयुष्य. कॉम्प्युटरकडून ही अपेक्षा नव्हती. इतका संसारी हिशेब त्याच्याकडे कुठून आला कोण जाणे.

रंगांनी तर वेगळीच परीक्षा घेतली. कॉर्नेल विद्यापीठातल्या मंडळींनी १९८४ साली एका साध्या खोक्याचं चित्र केलं, ते या विद्येतलं अ-आ-इ-ई आहे. खोक्याची एक बाजू लाल, समोरची दुसऱ्याच रंगाची, बाकी सगळं पांढरं. पाहायचं ते हे, की लाल भिंतीशेजारचा पांढरा रंग पांढरा राहतच नाही; त्याला लालीची झाक लागते. पुढे त्यांनी खराच खोका बनवून चित्राशी ताडूनही पाहिला. कुठलाही रंग आपल्यापुरता राहत नाही, तो शेजाऱ्याला लागतो. हेही मी घरात जाहीर केलं.

‘यात नवीन काय?’ बायको म्हणाली. ‘म्हणून तर साडी दुकानाच्या दाराशी नेऊन उजेडात बघायची असते. दुकानातला अंजिरी घरी आल्यावर चॉकलेटी निघतो.’ कॉर्नेलला न जाता लक्ष्मी रस्त्यावर हे ज्ञान किती वर्षं मोफत मिळत होतं!

साडीचा विषय आमच्याकडे नाजूक आहे. वरच्या मजल्यावरच्या काकू गॅलरीच्या दोरीवर साडी वाळत घालतात, आणि सहावारी साडीच ती, आमच्या गॅलरीपुढे अर्ध्यापर्यंत लोंबते. बायको दोनदा वर जाऊन सांगून आली आहे. दोन्ही वेळा काकूंनी चहा दिला आणि साडी तिथेच राहिली.

चित्र हळूहळू घरासारखं दिसू लागलं, पण त्यात कुणी राहत नव्हतं. जाणकारांचा सल्ला असा की चित्र खरं वाटायला हवं असेल तर ते थोडं बिघडवा. कडा घासा, उशी तिरकी करा, काचेवर बोटं उमटवा. म्हणून मी सोफ्यावर उघडा पेपर टाकला, खुर्चीच्या पाठीवर टॉवेल, दाराशी दोन चपला, त्यातली एक उलटी.

‘आधी ती चप्पल सरळ करा,’ बायको म्हणाली. ‘लोकांनी चित्र पाहिलं तर काय म्हणतील?’

मी चित्रातली चप्पल सरळ केली. दाराशी खरी चप्पल उलटीच पडली होती. तिच्याकडे दोघांचंही लक्ष नव्हतं.

तसं खोट्या घरापुढे खरं तोंड करून उभं राहण्याची आपल्याला जुनी सवय आहे. लहानपणी आमच्या गावच्या फोटो स्टुडिओत रंगवलेला पडदा होता: पायऱ्या, कारंजं, दूरवर ताजमहाल. आमच्या अख्ख्या घराण्याने ताजमहालापुढे फोटो काढले आहेत आणि आग्रा कुणीच पाहिलेलं नाही. पण त्या पडद्याला आपण पडदा आहोत याची लाज असायची. खालची कड सुरकुतलेली दिसायची. आताचे पडदे सुरकुतत नाहीत. आयकिया या स्वीडिश कंपनीने २००६ साली बर्टिल नावाच्या एका लाकडी खुर्चीचं कॉम्प्युटरवर केलेलं चित्र पहिल्यांदा कॅटलॉगात टाकलं. पुढच्या सात-आठ वर्षांत त्यांच्या उत्पादनांच्या चित्रांपैकी सुमारे ७५ टक्के चित्रं कॉम्प्युटरवर होऊ लागली. खुर्ची पाहून आपण ‘वा’ म्हणतो, तेव्हा तिच्यावर कुणीच बसलेलं नसतं. ती स्वतःही कुठे बसलेली नसते.

एका संध्याकाळी भाजी घेऊन येताना समोरच्या प्लॉटवरचा फलक मी पहिल्यांदा नीट पाहिला. आमच्या पूर्वेला बावीस मजल्यांचा टॉवर होणार आहे. फलकावर तो झळकत होता. पायथ्याशी कारंजं होतं, आकाशात पक्षी होते. कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं की हे कलाकाराच्या कल्पनेतलं चित्र आहे. मी त्या चित्रात आमची इमारत शोधू लागलो. दिशा जुळवली, रस्ता जुळवला. जिथे आम्ही राहतो तिथे हिरवळ होती. हिरवळीवर एक गोरी बाई चालली होती आणि तिच्या पुढे सोनेरी केसांचा कुत्रा. मी त्याला लगेच ओळखलं.

२०१६ च्या रेरा कायद्याच्या बाराव्या कलमात, जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरलेल्या माणसाला भरपाई मिळण्याची सोय आहे. पण ती घर घेणाऱ्याला. चित्रातून पुसून टाकलेला शेजारी त्या कलमात बसत नाही. मी भाजीची पिशवी धरून रागाने बराच वेळ तिथे उभा राहिलो. आणि मग माझ्याच लक्षात आलं. गेले दोन महिने मी जे चित्र घोटतो आहे, त्यात पूर्वेला काय आहे? निळं आकाश. त्यांच्या चित्रात आम्ही नव्हतो, आणि आमच्या चित्रात ते नव्हते.

घरी आलो आणि मॉडेलच्या पूर्वेला बावीस मजल्यांचा करडा खोका उभा केला. खिडक्या नाहीत, कारंजं नाही, नुसता खोका. पलीकडच्या सोसायटीची पाण्याची टाकीही घातली. डिसेंबर, सकाळचे सव्वाआठ. पूर्वी भिंतीवर चढणारा उन्हाचा तो ऐसपैस पट्टा गेला. उरली एक बारीक चीर, खुर्चीच्या पायाएवढी.

‘काढा तो खोका,’ बायको म्हणाली.

‘इथून काढेन. तिथून कसा काढू?’

ती काही बोलली नाही. मग मी जे करायला पाहिजे होतं ते केलं. सुंदर चित्राचा नाद सोडला आणि दर पाच मिनिटांचं एकेक रवाळ, ओबडधोबड चित्र काढलं. सात पन्नास, अंधार. आठ, अंधार. आठ पाचला टॉवर आणि ती टाकी यांच्या मधल्या फटीतून ऊन आत यायला लागलं. आठ पंचवीसला टाकीआड गेलं. वीस मिनिटं. आणि ती चीर जिथे पडत होती तिथे सोफा नव्हता, टीव्हीचं कपाट होतं.

घराचं नूतनीकरण झालं ते एवढंच. भिंती पांढऱ्या रंगवल्या आणि टीव्हीचं कपाट साडेतीन फूट उत्तरेला सरकवलं. त्या जागी वेताची जुनी खुर्ची ठेवली. एक नाही, दोन. इंटिरिअरवाल्यांना फोन करून नम्रपणे नाही म्हटलं आणि कुत्र्याची चौकशी केली.

डिसेंबरात टॉवर अकराव्या मजल्यापर्यंत आला होता. आमच्या मजल्यावरून पाहताना सकाळचा सूर्य झाकायला तेवढा पुरे. आठला दोन मिनिटं असताना मी आंघोळ करून, स्वेटर घालून खुर्चीत हजर होतो. बायको चहा घेऊन आली. आठ पाच झाले आणि भिंतीवर उजेड आला. वेळ बरोबर, जागा बरोबर, तिरकेपणा बरोबर. पण रंग चुकला होता. माझ्या सगळ्या चित्रांत ते ऊन पिवळट पांढरं होतं. हे डाळिंबी होतं. भिंत डाळिंबी, खुर्चीचा हात डाळिंबी, बायकोच्या कपातली वाफसुद्धा किंचित डाळिंबी. आणि स्थिरही नव्हतं. भिंतीवर सावकाश हलत होतं.

मी गॅलरीकडे पाहिलं. वरच्या काकूंची साडी वाऱ्यावर झुलत होती.

‘सांगून येऊ का त्यांना?’ मी विचारलं. बायकोने मान हलवली, नको. ही साडी चित्रात कशी घालायची, पातळ कापडातून ऊन कसं गाळायचं, वारा कुठून आणायचा, असे विचार माझ्या डोक्यात सुरू झालेच. मी लॅपटॉप आणायला खुर्चीतून अर्धा उठलो.

‘बसा हो,’ ती म्हणाली. ‘आठ पंचवीसला जाईल.’